सोळा जण, एक दोर: डोंगरात ग्रुपने चालताना

डिसेंबरातल्या कुठल्याही शनिवार-रविवारच्या अलंग-मदन-कुलंग या तीन गडांच्या ट्रेकचं वेळापत्रक काढून बघा. पहाटे आंबेवाडीत चहा, सहाला चालायला सुरुवात, अमुक वाजता दोर लावून चढायचा कातळटप्पा, अमुक वाजता माथा. चालायचा वेळ सगळ्यांनी व्यवस्थित धरलेला असतो. कातळाखाली रांगेत बसायचा वेळ मात्र कुणीच धरत नाही, आणि ग्रुपचं बिनसायला सुरुवात होते ती नेमकी तिथे.

हिशोब सोपा आहे. हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) चढवणं, बकल तपासणं, दोराला अडकवणं, चढणं, वर पोचून सुटणं आणि दोर पुन्हा खाली येणं, हे सगळं मिळून माणशी सहा ते आठ मिनिटं. सोळा जण असतील तर सातच्या सरासरीने ११२ मिनिटं, म्हणजे जवळजवळ दोन तास. हार्नेस सहाच आणले असतील तर ते दरवेळी दोराला बांधून खाली सोडायचे, त्यात आणखी वीस-पंचवीस मिनिटं जातात. उतरताना त्याच टप्प्यावर रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, माणशी पाच मिनिटं धरली तरी ८० मिनिटं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. टप्प्यापासून पायथ्यापर्यंत दोन तासांची उतरण असेल आणि ती उजेडात संपवायची असेल, तर पहिला माणूस अडीचला रॅपलवर असायला हवा. वरची मजा कितीही रंगात आलेली असो.

हा अडीचचा आकडा लीडरच्या डोक्यात बहुतेक वेळा असतो. बाकी पंधरा जणांच्या डोक्यात नसतो. त्यामुळे दोन वाजता लीडर घाई करायला लागला की तो चिडचिडा वाटतो, पाण्याच्या टाक्यावर फोटो काढत बसलेले रेंगाळतात, आणि ज्याला खाली बसल्या बसल्या अंदाज आलेला असतो की आज उशीर होणार, तो नवखा असल्यामुळे गप्प बसतो. माझ्या मते ट्रेकच्या ग्रुपमधला मूळ घोळ हाच आहे: सूचना पुढून मागे सहज जातात, पण मागची खबर पुढे येत नाही. खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळं ही खबर पुढे कशी आणायची याबद्दलच आहे.

निघण्यापूर्वी

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली सूचनांची यादी कुणी वाचत नाही असं धरूनच चालावं. पायथ्याला, सगळ्यांच्या पाठीवर सॅक चढण्याआधी सात-आठ मिनिटं गोल करून उभं राहायचं. छत्रपतींचा जयजयकार, ग्रुपचा इतिहास, लीडरची ओळख हे सगळं त्यानंतर. त्या आठ मिनिटांत सांगायच्या गोष्टी मोजक्या: परत फिरायची वेळ, पाणी कुठे आहे आणि पुढचं किती लांब, वाट कुठे चुकण्यासारखी आहे, मधूनच उतरायचं झालं तर कुठून, पुढे कोण आणि शेवटी कोण.

मग "समजलं का?" असं विचारू नका. त्याला "हो" याखेरीज उत्तर येत नाही. त्याऐवजी कुणा एकाला विचारा, "आपण किती वाजता मागे फिरणार आहोत?" तिघांना वेगवेगळे प्रश्न विचारले की कोणाचं लक्ष होतं ते कळतं, आणि पुढच्या ट्रेकपासून सगळे आपोआप कान देऊन ऐकतात.

दुखणी-आजार मात्र गोलात विचारायचे नाहीत. दमा, मधुमेह, रक्तदाब, जुना गुडघा, पाळी, उंचीची भीती, यातलं काहीही चारचौघांत कुणी सांगत नाही. लीडरने आदल्या दिवशी एकेकाला फोन करून विचारावं, आणि मुलींशी बोलायला शक्यतो ग्रुपमधली एखादी जाणती ट्रेकर असावी. इनहेलर आहे एवढं कळून उपयोग नाही. सॅकच्या कुठल्या कप्प्यात आहे ते त्याच्या जोडीदाराला ठाऊक हवं. जोडीदार म्हणजे निघतानाच लावून दिलेली जोडी. मित्र-मित्र एकत्र ठेवले की ते एकाच वेगाने पुढे पळतात किंवा एकत्रच मागे पडतात, म्हणून एक जुना आणि एक नवा अशी जोडी बरी.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला ठोकताळा अजून कामाला येतो: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास. सहा किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर एक तास बारा मिनिटं अधिक दीड तास, म्हणजे पावणेतीन तासांना थोडं कमी. पंधरा जणांचा मिश्र ग्रुप, पाठीवर मुक्कामाचं सामान आणि आपल्याकडचं ऊन धरून त्याला मी दीडने गुणतो. चार तास. दोराच्या टप्प्याचा वेळ त्यात वेगळा मिळवायचा.

ग्रुप केवढा असावा? दोराचा टप्पा असेल तर बारा, फार तर पंधरा. पावसाळ्यात बसभर पंचेचाळीस जण घेऊन जाणाऱ्यांना हे परवडत नाही हे मान्य, पण मग निदान त्या पंचेचाळिसांचे तीन ग्रुप करा, प्रत्येकाला स्वतःचा पुढचा आणि शेवटचा माणूस द्या आणि वीस मिनिटांच्या अंतराने सोडा. पंचेचाळीस माणसांची एकच रांग लावली की पुढच्याला मागच्याचा पत्ता नसतो.

रांग

सर्वांत सावकाश चालणाऱ्याला कुठे ठेवायचं? बहुतेक ठिकाणी तो आपोआप शेवटी जातो आणि तिथेच राहतो. त्याला लीडच्या, म्हणजे सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या मागे, दुसऱ्या नंबरवर ठेवा. पुढच्याला त्याचा श्वास ऐकू येतो आणि वेग आपसूक बसतो. तगडे गडी मागे राहिले तर कुरकुरतात, पण मागे राहून त्यांचं काही बिघडत नाही.

विश्रांतीचा अन्याय तर सगळीकडे दिसतो. पुढचे पोचतात, बसतात, पाणी पितात, चिक्की खातात. दहा मिनिटांनी शेवटचा धापा टाकत येतो आणि तो आला की "चला, सगळे आले" म्हणत पुढचे उठतात. ज्याला सर्वांत जास्त गरज त्याला शून्य मिनिटं. असं तीनदा झालं की तो पाणी प्यायचंही टाळतो, कारण थांबलं की आणखी मागे पडू ही भीती. दुपारपर्यंत पायात गोळे येतात आणि सगळे म्हणतात, याचा स्टॅमिनाच नाही. यावर नियम एकच: विश्रांतीची घड्याळं शेवटचा माणूस बसल्यावर सुरू होतात, आणि उठायचं कधी ते शेवटी चालणारा लीडर सांगतो, पुढचा नाही.

शेवटी चालायचं काम नव्या स्वयंसेवकाला देण्याची पद्धतही चुकीची आहे. पुढे वाट दाखवायला गावातला वाटाड्या असतो. मागे जो माणूस असतो त्याला पाय मुरगळलेला, घाबरलेला, उलटी झालेला असे सगळे भेटतात. अनुभवी माणूस तिथे हवा, आणि प्रथमोपचाराची पेटीही त्याच्याच सॅकमध्ये. पुढच्याच्या पाठीवर असेल तर ती मागे आणायला तासभर जातो.

मोजणीची गंमत बघा. लीडर बोटाने मोजतो, बावीस येतात, हवे असतात तेवीस. पुन्हा मोजतो, तेवीस. आता त्यात वाटाडा धरला होता की नाही? स्वतःला धरलं होतं का? रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर किंवा कळसूबाईच्या शिड्यांवर दुसऱ्याच ग्रुपचा कुणी रांगेत घुसलेला असतो तो निराळाच. म्हणून प्रत्येकाला निघतानाच एक आकडा द्यायचा आणि मोजणी म्हणजे ज्याने त्याने आपला आकडा ओरडायचा. अर्धं मिनिट लागत नाही, आणि "चौदा" आला नाही तर कोण नाही हेही त्याच क्षणी कळतं. मोजणी फाट्यावर, रानात शिरताना आणि बाहेर पडल्यावर, पाणवठ्यावरून उठताना, कातळटप्प्याच्या आधी आणि नंतर.

फाट्याचा नियम वेगळा सांगायला हवा. कारवीच्या रानात ढोरवाटा इतक्या असतात की वीस मीटर मागे पडलेला माणूस बिनधास्त भलतीकडे लागतो. प्रत्येकाने आपल्या मागचा दिसेपर्यंत फाट्यावर उभं राहायचं, त्याला योग्य वाट दिसली याची खात्री झाली की मगच हलायचं. पुढच्याशी संपर्क राखायची जबाबदारी मागच्यावर टाकली की गडबड होते, कारण मागचा दमलेला असतो. जबाबदारी पुढच्याची.

दोराच्या टप्प्यावर

इथे माणसांच्या जागा ठरवून घ्या, नाहीतर वर पोचलेले पाच जण कड्याच्या टोकाशी सेल्फी काढतात आणि खालचे अकरा जण नेमके दगड पडायच्या रेषेत डबे उघडून बसतात. खाली एक जण हार्नेस आणि हेल्मेट तपासणारा, एक जण रांग कडेला, दगडांच्या वाटेपासून बाजूला धरून ठेवणारा. वर एक बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळून धरणारा, आणि एक जण वर आलेल्याला दोरातून सोडवून कड्यापासून आत नेणारा. बिले देणाऱ्याशी बाकी कुणी गप्पा मारायच्या नाहीत, त्याला बिस्किटही देऊ नका. वरचे आणि खालचे मिळून आकडा पूर्ण भरतोय का हे दर पाच माणसांनी एकदा बघायचं.

दोन दोर लावले की वेळ निम्मा होतो असं वाटतं. होतो, पण त्याला वर आणि खाली प्रत्येकी एक जादा जाणता माणूस लागतो. तो नसेल तर दुसरा दोर सॅकमध्येच राहू दे.

हाका. वारा असला की तीस मीटरवरचं वाक्य ऐकू येत नाही, फक्त स्वर पोचतात. "दोर सोड" आणि "दोर ओढ" यांतला फरक वाऱ्यात उरत नाही, आणि एकाच्या जागी दुसरं ऐकलं गेलं तर चढणारा अर्ध्यात लोंबकळतो. म्हणून "ढील" आणि "टाइट" हे दोनच शब्द, आणि त्याआधी नाव: "सागर, ढील!" नाव यासाठी की शेजारी दुसऱ्या ग्रुपचाही दोर असतो आणि त्यांचा बिले देणारा तुमच्या चढणाऱ्याच्या हाकेवर दोर सोडू शकतो. ऐकणाऱ्याने तोच शब्द परत ओरडायचा. परत आला नाही तर पोचला नाही असंच समजायचं. "हां हां", "चालेल", "घे घे" बंद. "ढील नको" असं तर कधीच म्हणू नका, कारण त्यातलं "नको" वाऱ्यात जातं.

सुरुवात करतानाचा क्रमही ठरलेला हवा. खालचा म्हणतो "बिले?", वरचा म्हणतो "बिले ऑन", मग चढणारा म्हणतो "चढतोय", वरचा म्हणतो "चढ". हे चार टप्पे पूर्ण झाल्याशिवाय कातळाला हात लावायचा नाही. वर पोचून सुरक्षित जागी बांधून घेतल्यावर "दोर मोकळा". आवाज पोचणारच नाही अशी जागा असेल तर मधल्या वळणावर एक माणूस बसवा, तो दोन्हीकडचं जसंच्या तसं पुढे सांगेल. स्वतःची भर घालणार नाही असा शांत माणूस निवडा.

वरून काहीही पडलं, दगड असो, बाटली असो नाहीतर मोबाइल, हाक एकच: "दगड!" मोबाइल पडताना "अरे अरे माझा फोन" ओरडलात की खालचे सगळे मान वर करून बघतात, आणि तेच करायचं नसतं. हाक ऐकली की कातळाला चिकटायचं, मान खाली, आणि तीच हाक पुढे खाली द्यायची.

बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाला चढणाऱ्या नळीच्या वाटेत हे जास्तच लागू, कारण तिथे पूर्ण नाळच सुट्या धोंड्यांनी भरलेली आहे. घसाऱ्यावर अंतर ठेवायच्या दोनच पद्धती बरोबर आहेत. चार-पाच जणांचा गट अगदी खेटून चालतो, म्हणजे सुटलेला दगड वेग घ्यायच्या आत मागच्याच्या पायाशी अडतो. किंवा एक गट आडोशापर्यंत पोचून "या" म्हणेपर्यंत खालचा गट आडोशाला थांबतो. दहा-पंधरा मीटरचं अंतर ठेवून सलग रांग लावणं सर्वांत वाईट, आणि नेमकं तेच सगळीकडे दिसतं.

ओढा ओलांडायची मर्यादा ओढ्याच्या काठावर ठरवू नये, पायथ्याला ठरवावी. जोरात वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर जायचं नाही, एवढं पुरे. ओलांडताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा आणि दोर कुणाच्या अंगाला बांधायचा नाही. पाय सुटला की बांधलेला माणूस दोरामुळेच पाण्याखाली धरला जातो. सांदणसारख्या घळीत वर कुठे पाऊस झाला हे आत कळायचा मार्गच नाही, म्हणून पावसाळी दिवसात आत जायचंच नाही. त्यावर चर्चा नको.

मधमाश्यांच्या बाबतीत गडबड ही की हल्ला झाला की ग्रुप दहा दिशांना पांगतो आणि मग कुणाला किती डंख बसलेत, कोण कड्याकडे पळालं, काहीच कळत नाही. पोळी दिसणाऱ्या कातळाखाली शिरताना आधीच सांगायचं: आवाज नको, धूर नको, अत्तर-डिओ लावलेला माणूस मागे, आणि उठल्याच तर तोंड झाकून आल्या वाटेने पळायचं व त्या अमुक झाडापाशी जमायचं. जमायची जागा दोन सेकंदांत सांगता येते.

न बोललेलं

बर्फात स्की घेऊन हिंडणाऱ्यांच्या जगात या विषयावर बरंच काम झालंय. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतले १९७२ ते २००३ मधले ७१५ हिमस्खलन अपघात तपासले आणि २००४ मध्ये मांडलं की धोक्याची लक्षणं डोळ्यांसमोर असतानाही ग्रुप पुढे जातात ते काही ठरावीक मानसिक चकव्यांमुळे: ओळखीची जागा, ठरवलेलं सोडवत नाही, जाणत्या माणसावर भिस्त, दुसरे गेलेत म्हणजे जाता येतं, वगैरे. आपल्याकडे बर्फ नाही. चकवे तेच आहेत, फक्त मराठीत बोलतात:

"गेल्या वर्षी याच वाटेने गेलो होतो."
"आता एवढं आलोय तर जाऊ की."
"दादा आहेत ना, बघतील ते."
"ते पुण्याचे पोरं गेले की आत्ताच पुढे."

यातलं कुठलंही वाक्य कानावर पडलं की थांबून दोन मिनिटं बोलायचं, असा नियम करून टाका. वाक्य चुकीचं असतंच असं नाही. पण ते वाक्य जेव्हा आकाश, घड्याळ आणि उरलेलं पाणी यांच्या जागी येतं तेव्हा गडबड असते.

तिसरं वाक्य सर्वांत चिवट. आपल्या ग्रुपमध्ये वीस वर्षं डोंगर चढलेल्या माणसाला दादा, सर, काका म्हणतात आणि त्याच्यापुढे "मला नाही वाटत जावं" असं म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. शिवाय भित्रा हा शिक्का आहेच. त्यावर भाषणं देऊन काही होत नाही, पद्धत बदलावी लागते. एक: निर्णयाच्या जागी सर्वांत नव्याला आधी विचारायचं, दादांनी शेवटी बोलायचं. दादा आधी बोलले की बाकीचे फक्त माना हलवतात. दोन: "जायचं का?" असं न विचारता "इथून मागे फिरायला एक कारण सांगा" असं विचारायचं. कारण मागितलं की देणारा भित्रा ठरत नाही, उलट नाही सांगितलं तर तो बावळट ठरतो. तीन: कुणीही "थांबा" म्हटलं की रांग थांबते, का ते थांबल्यावर विचारायचं. हे तिसरं चालायचं असेल तर पहिल्यांदा "थांबा" म्हणणाऱ्याचं कारण बुटाची नाडी निघालं तरी कुणी हसायचं नाही. दुसऱ्या वेळी तो खऱ्या कारणासाठी म्हणेल की गिळून टाकेल, ते त्या हसण्यावर ठरतं.

वाटाड्याचं ऐकणं ही वेगळीच कला आहे. गावातला माणूस पैसे घेऊन तुमच्याबरोबर आलेला असतो, शहरातून आलेल्या पाहुण्यांना तोंडावर नाही म्हणणं त्याच्या रीतीत बसत नाही. "बघा, जमंल तुम्हाला तर" याचा अर्थ जमणार नाही असाच घ्यायचा. "पाणी आलं तर मंग अवघड" म्हणजे पाणी येणार आहे. थेट विचारायचं असेल तर "जाऊ का?" नको. "मामा, आज तुमची स्वतःची पोरं नेली असती का इथून?" असं विचारा. आणि परत फिरलं तरी ठरलेले पैसे पूर्ण मिळतील हे निघतानाच सांगून ठेवा. त्याच्या सल्ल्याला त्याचीच मजुरी आड यायला नको.

शिट्टी, सेट आणि फोन

प्रत्येकाच्या सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला शिट्टी हवी, आत कप्प्यात नव्हे. आत गोळी नसलेली घ्या. गोळीची शिट्टी ओली झाली की अडकते. संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत मिनिटात सहा फुंका, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटात तीन. म्हणून ग्रुपचे स्वतःचे संकेत एक आणि दोन फुंकांतच बसवा: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे या. तीन फुंका "चला निघूया"साठी वापरणारे ग्रुप आहेत, ते बदला. संकटातला दुसरा कुणी ते उत्तर समजेल. मजेखातर शिट्टी वाजवणाऱ्याची शिट्टी काढून घ्यायची.

वॉकीटॉकी पुढे, मागे आणि जमल्यास मध्ये एक. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले कमी शक्तीचे सेट विनापरवाना वापरता येतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेचसे सेट या पट्ट्यात चालत नाहीत आणि त्यांना परवाना लागतो, तेव्हा घेताना पट्टा बघा. समोर डोंगराची सोंड आली की सेट मुका होतो, नळीत आणि घळीत तर होतोच. तिथे मधला माणूस दोन्हीकडचं ऐकू येईल अशा वळणावर थांबतो. बटण दाबून एक सेकंद थांबून मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि "नका येऊ" चं "येऊ" होतं. दर अर्ध्या तासाला ठरलेली हाक, आणि सलग दोन हाका चुकल्या की पुढच्यांनी आहे तिथे थांबायचं.

परदेशातून सुट्टीला आलेला भाऊ किंवा मैत्रीण ट्रेकला येणार असेल तर एक गोष्ट आधीच विचारा: सॅकमध्ये सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं उपकरण आहे का? तिकडे ते सर्रास वापरतात. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर अटक झाल्याची उदाहरणं आहेत.

फोन एअरप्लेन मोडवर, ग्रुपमधले निदान दोन पूर्ण चार्ज केलेले आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे. रेंज दरीत नसते, धारेवर आणि खिंडीत मिळते. एक कांडी असेल आणि कॉल लागत नसेल तर एसएमएस बहुतेक वेळा जातो.

अपघात झालाच तर पहिली पाच मिनिटं सगळ्यांना बसवून ठेवा. एक जण जखमीपाशी, एक जण बाकीच्यांपाशी, एक जण संपर्काला. या तीन कामांची माणसं पायथ्यालाच ठरलेली असतील तर धावपळ निम्मी होते. फोन करणाऱ्याने आधी कागदावर लिहून घ्यायचं: गड आणि कुठल्या बाजूची वाट, नकाशावरचे अक्षांश-रेखांश, काय झालंय, किती जण, जखमी शुद्धीवर आहे का, चालू शकतो का, आपल्याकडे दोर-स्ट्रेचर काय आहे, आणि कुठल्या नंबरवर परत फोन करायचा. ११२ आहेच, त्याशिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर निघण्यापूर्वी फोनमध्ये घालून ठेवा. स्थानिक बचाव पथकाला तिथून कळवलं जातं. फोन करून झाला की तो फोन बंद ठेवायचा नाही आणि त्यावरून घरच्यांशी बोलायचं नाही. रेंजच नसेल तर खाली दोघांना पाठवा, एकट्याला कधीच नाही, आणि हाच कागद त्यांच्या हातात द्या. तोंडी निरोप गावात पोचेपर्यंत बदलतो. "पाय मोडला" चं "पडून गेला" झालेलं असतं.

उतरल्यावर

चहा येईपर्यंतच्या दहा मिनिटांत तीन प्रश्न. पहिला उशीर कुठे झाला? कुठल्या जागी कुणाला काही बोलायचं होतं आणि बोलला नाही? सामानातलं काय कमी पडलं, काय उगाच वाहिलं? सर्वांत नवा आधी बोलेल, आणि जो बोलेल त्याला मध्येच खुलासा द्यायचा नाही, लीडरने तर नाहीच. दुसऱ्या प्रश्नाला सुरुवातीच्या एक-दोन ट्रेकना कुणी उत्तर देत नाही. तरी विचारत राहा. एकाने वहीत लिहून ठेवायचं, कारण बसमध्ये बसलं की सगळ्यांना फक्त सूर्यास्त आठवतो.

आणि ज्याच्याकडे आपला बेत लिहून ठेवला होता, गावातले मामा असोत की घरचं कुणी, त्याला "सगळे खाली आलो" हा निरोप लगेच द्यायचा. निघताना जशी त्याला वेळ सांगितलेली असते, "रात्री दहापर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा", तशीच ती वेळ रद्दही करावी लागते. हे काम कुणाचं हे सकाळच्या आठ मिनिटांत ठरवून ठेवा. "दुसऱ्याने केला असेल" असं म्हणत सगळे झोपून जातात आणि मध्यरात्री गावातली चार माणसं बॅटऱ्या घेऊन रिकाम्या डोंगरावर चढायला लागतात.